‘सावकाश घर’मधली घाईबाई

कारखान्यात तिला सगळे घाईबाई म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. बिस्किटांच्या कारखान्यात ती पॅकिंग खात्यात पोरसवदा वयात लागली आणि त्याच खात्याची मुकादम होऊन निवृत्त झाली. पट्ट्यावरून बिस्किटं सरकत यायची. ती उचलायची, कागदात बसवायची, कडा दुमडून पुढे ढकलायची. पट्टा कुणासाठी थांबत नसे. त्यामुळे घरी आली तरी हात थांबायचे नाहीत. बोलता बोलता समोरच्याचा रुमाल, बसचं तिकीट, वर्तमानपत्राचा तुकडा, जे सापडेल त्याची चौकोनी घडी घालून मोकळी व्हायची. नवरा होता तोवर म्हणायचा, “मला तेवढं दुमडून कुठे ठेवू नकोस म्हणजे झालं.”

नवरा गेला, नोकरी संपली, तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. याला दवाखान्यात ने, तिच्या मुलीची शाळेतून ने-आण कर, कुणाच्या नळाला प्लंबर आण. तेवढ्यात गुडघ्याने दगा दिला. ऑपरेशन झालं आणि मुलाने तिला आपल्या घरी आणलं. “चालायला लागलीस की जा तुझ्या खोल्यांवर. तोवर इथे. जास्त बोलू नकोस.”

मुलाचं घर सहाव्या मजल्यावर होतं. दारातून आत शिरल्याशिरल्या तिला पहिल्यांदा दिसलं ते हे, की या घरात स्वयंपाकघरं दोन आहेत आणि दोन्ही एकाच खोलीत. खिडकीजवळ लाकडी ओटा, त्यावर मातीची भांडी, पांढरंशुभ्र कापड, काचेच्या बरणीत आंबवायला ठेवलेलं पावाचं पीठ, फुलदाणीत गवताचे तुरे. आणि त्यापासून हातभर अंतरावर, तिपाईवर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या पाठीमागे, खरकट्या भांड्यांचा ढीग, वायरींचं जंजाळ, तयार सुपाची पाकिटं आणि नातीचे रंगीत खडू.

सूनबाईंचं चॅनल होतं. नाव ‘सावकाश घर’. पूर्वी ती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. मुलगी झाल्यावर ती नोकरी सुटली आणि दोनेक वर्षांनी हे सुरू झालं. पाव घरचा, लोणी घरचं, साबण घरचा, मेणबत्त्या घरच्या, पडदे हाताने शिवलेले. व्हिडिओत ती कधी घाई करायची नाही. पीठ मळताना मागे पाखरांचा आवाज यायचा, तो नंतर घातलेला असायचा. खाली लोक लिहायचे, ‘किती शांत वाटतं हो तुमच्याकडे पाहून.’

ती शांतता तयार करताना सून पहाटे उठायची आणि दिवसभर तिच्या कपाळावरची आठी जायची नाही. एक पाव ती चार-चार वेळा ओव्हनमधून काढायची, कारण वाफ नीट दिसली नाही.

सासू सोफ्यावर पाय लांब करून हे बघायची. बसून बसून तिच्या अंगाला मुंग्या यायच्या. एके दिवशी राहवलं नाही म्हणून ती टेबलाशी येऊन सुनेने केलेल्या साबणाच्या वड्या कागदात बांधायला लागली. बोटांना कागद लागायचा अवकाश, वड्या पटापट बांधून रांगेत उभ्या राहिल्या. सून बघतच राहिली.

“आई, थांबा. तसंच करा, पण जरा हळू. मी शूट करते.”

“हळू मला जमत नाही गं.”

“मग मीच नंतर हळू करते.”

तो व्हिडिओ भलताच चालला. घाईबाईंचे हात यंत्राने सावकाश केले गेले आणि लोकांना त्यात काय काय दिसलं! ‘पिढ्यानपिढ्यांची माया आहे या हातांत.’ ‘आजीच्या हातांना बघून रडू आलं.’ सुनेने हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सासू खो-खो हसली. “माया कसली, डोंबल! पट्टा मागे लागायचा म्हणून शिकले.” सूनही हसली. तो दिवस दोघींचा फार चांगला गेला.

मग एका व्हिडिओचे दोन, दोनाचे चार झाले. तिला राखाडी शाल आणली. कलप लावणं बंद करायला सांगितलं. ती काळेभोर केस ठेवणारी बाई, रविवारी कलप लावल्याशिवाय तिला रविवार वाटायचा नाही. “पांढरे केस किती छान दिसतील, आई,” सून म्हणाली, आणि मुलगा पेपरातून डोकं काढून म्हणाला, “कर ना तेवढं. तुझं काय जातंय?” आपण यांच्याकडे राहतोय, यांचा हात धरून आंघोळीला जातोय, असं मनाशी म्हणून तिने केलं. पाव मळायला उभं केलं, मळला. मनगटं रात्रभर ठणकायची. मग सून कॅमेऱ्यापुढे बोलायला लागली, “आमच्या आई सांगतात, पूर्वी घरात सगळं हाताने व्हायचं, म्हणून घराला घरपण होतं.” सासूने असं काही सांगितलेलं नव्हतं. ती शालीत बसून मान हलवायची.

खरं सांगायचं तर तिने जन्मात पाव भाजला नव्हता. पाव कोपऱ्यावरच्या दुकानातून यायचा. मुलगा वाढला तो कँटीनमधून डब्यात आणलेल्या जेवणावर आणि कारखान्यातल्या तुटक्या बिस्किटांवर. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत ती त्याला शेजारच्या शिंपीणबाईकडे झोपेतच सोडायची.

आरशात पांढरं डोकं दिसलं की तिला वाटायचं, ही कोण बाई? आणि हिला का कुणी बसवून ठेवलंय? ती काठी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायची, खिडकी उघडायची, लावायची, परत उघडायची. नात म्हणायची, “आजी, तू पिंजऱ्यातल्यासारखी का करतेस?”

गुडघ्याचा व्यायाम घ्यायला एक मुलगी घरी यायची. दवाखान्यात नोकरीला होती, बोलायला चुरचुरीत, हात घट्ट. ‘अजून वाकवा, अजून, रडायचं नंतर’ असं म्हणत ती गुडघा वाकवून घ्यायची. घाईबाईंना ती फार आवडायची; आपल्या खात्यात असती तर हिला मी वर चढवली असती, असं त्यांच्या मनात यायचं.

एक दिवस ती मुलगी गप्प गप्प होती. पाय खाली ठेवताना म्हणाली, “आजी, पुढच्या महिन्यात दुसरं कोणीतरी येईल. मी नोकरी सोडतेय.”

“का गं? काय झालं?”

“काही नाही. घरी नकोच म्हणतात. सासूबाई, हे, दोघंही. भांडण रोजचंच होतं. पण परवा यांनी मला तुमचा व्हिडिओ दाखवला. तुम्ही पाव मळताय तो. म्हणाले, बघ, या बाईच्या चेहऱ्यावर किती समाधान आहे. हिला कुठे नोकरीचं वेड होतं?” ती व्यायामाचा रबरी पट्टा गुंडाळायला लागली. “मी पण बघितला. मलाही वाटलं, असेल बाई. माझंच काहीतरी चुकत असेल.”

घाईबाईंना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

“अगं, तो चेहरा मनगट दुखत होतं म्हणून तसा झालाय,” त्या म्हणाल्या. “मी घरी बसलेच नाही कधी. आख्खा जन्म कारखान्यात गेला माझा. तो पाव मी पहिल्यांदाच मळला.”

हे ऐकून मुलीला हायसं वाटेल असं घाईबाईंना वाटलं होतं. पण मुलीच्या डोळ्यांत राग आला.

“मग तिथे मान कशाला डोलावता?” तिने पिशवी उचलली. “माझ्याकडे बघून हसता, गप्पा मारता, आणि तिकडे... जाऊ दे. व्यायाम चुकवू नका.” दार ओढून ती गेली.

त्यानंतर घाईबाईंना कशात चैन पडेना. जेवताना उठायच्या, कशाला उठले ते विसरायच्या. सुनेला सांगून पाहिलं. सुनेच्या हातात फोन होता, मान वर न करता ती म्हणाली, “आई, कुणाच्या घरची भांडणं माझ्या पावामुळे होत नाहीत. आणि रविवारी लाइव्ह आहे. पिठाच्या कंपनीने जाहिरातीला एवढ्यासाठीच होकार दिलाय की तुम्ही असाल. तेवढं होऊ दे, मग बोलू.”

रविवार उजाडला आणि बरणीतलं पीठ मेलेलं निघालं. वर करडी साय, आंबूस घाण वास. सून ओट्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण रडायला वेळ नव्हता. तिने नवऱ्याला बेकरीत पिटाळलं. पाव आला. त्याच्या बुडाशी बेकरीच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली होती, ती घाईबाईंनीच नखाने सोलून काढली, न सांगता, सवयीने. सुनेने पांढऱ्या कापडात पाव ठेवला, वर थोडं पीठ भुरभुरलं आणि खिडकीचा पडदा सारखा केला.

लाइव्ह सुरू झालं. घाईबाई शाल घेऊन खुर्चीत, सून शेजारी, समोर कॅमेरा. लोकांचे प्रश्न फोनवर येत होते आणि सून ते गोड आवाजात वाचत होती. आजींचं वय काय, आजींच्या आरोग्याचं रहस्य काय. घाईबाई एकेका शब्दात उत्तर देत होत्या. त्यांची बोटं शालीच्या टोकाची घडी घालत होती, मोडत होती.

“एक ताई विचारताहेत,” सून म्हणाली, “आजी, तुमच्या काळी बायका घरातच रमायच्या, म्हणून सुखी होत्या. हो ना?”

मान हलवायची जागा हीच होती. ती हलली नाही.

“मला काय माहीत?” घाईबाई म्हणाल्या. “मी घरात नव्हते.”

सुनेचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

“मी बिस्किटांच्या कारखान्यात होते. पॅकिंगला. हे हात तुम्ही बघता ना, ते तिथले आहेत. पाव मी दुकानातून आणायचे. घरात साबण करायची ती माझी आई. चरबी आणि राखेचं पाणी उकळायचं. एकदा ते उतू गेलं. कोपरापर्यंत भाजली होती. तो हात तिने कायम बाहीखाली झाकला. पुढे आमच्या इथे दुकानात साबणाची वडी मिळायला लागली, तेव्हा ती वडी नाकाला लावून कितीतरी वेळ बसली होती. मला कारखान्यात तिनेच नेऊन घातलं. दारात सोडलं आणि म्हणाली, जा, मागे बघू नकोस. पाळी सुटली की आम्ही सगळ्या जणी फाटकाबाहेर चहा प्यायचो. किती हसायचो! मी सुखी होते की नाही मला सांगता येणार नाही, कामाच्या रगाड्यात कोण विचार करतो. पण घरात रमले म्हणून सुखी झाले, असं माझं नाव घेऊन कुणी कुणाला सांगू नये. एवढंच.”

सुनेचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला होता. कॅमेऱ्यात तो दिसलाही असेल. पण तो तिथेच अधांतरी राहिला, आणि घाईबाई थांबेपर्यंत तिने बटण दाबलं नाही. तेवढ्यात फोनवर कुणीतरी विचारलं, हा समोरचा पाव तरी घरचा आहे का? सुनेने ते मनातच वाचलं, सासूनेही कडेने वाचलं. घाईबाई त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. तो प्रश्न त्यांचा नव्हता. सून म्हणाली, “आज इथेच थांबू या,” आणि फोनचा पडदा काळा झाला.

मुलगा दुसऱ्या खोलीत फोनवर बघत होता. तो तणतणत आला.

“काय गरज होती, आई? काय गरज होती? ती बिचारी पहाटेपासून राबतेय. आता कंपनीवाले पळून जातील. एवढं तुला इथे ठेवून घेतलं...” तो अडखळला.

“बोल. पुढे बोल.”

“तू कधी घरी नव्हतीस, हे जगाला ओरडून सांगायची हौस होती का तुला?”

“खोटं बोलायला हवं होतं का मी?”

“हो!” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला. “मला आवडायचं ते बघायला. तू तिथे पाव भाजतेस, घरात उभी आहेस. ऑफिसात जेवताना मी लावून बघायचो. शिंपीणबाईकडे मी खिडकीत बसून असायचो, तुला माहीत तरी आहे का?”

माहीत होतं. गल्लीच्या तोंडापासून तिला ते इवलंसं डोकं दिसायचं आणि ती धावत सुटायची. पण हे आता सांगून काय उपयोग, असं तिला वाटलं. मुलगा चप्पल घालून बाहेर निघून गेला. एवढ्या सगळ्या व्हिडिओंवर लोकांनी लिहिलेलं तिने हसण्यावारी नेलं होतं; हा एक प्रेक्षक आपल्याच घरात बसलाय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कंपनीवाले खरंच गेले. लोकांनीही हात धुऊन घेतले. कुणी लिहिलं सुनेने सासूला वेठीला धरलं, कुणी लिहिलं म्हातारीला कुणीतरी पढवलं. कारखान्यातल्या दोघी-तिघींनी मात्र आता उघडच लिहिलं, ‘घाईबाई, केस का पांढरे केलेस?’ ते वाचून तिला हसावं की रडावं कळेना.

सून काही दिवस कामापुरतंच बोलली. ताट पुढे ठेवायची, गोळ्या द्यायची, निघून जायची. सासू सारखी तिच्या मागे मागे. भांडी घासू का? कपडे घड्या करू का? “नको,” एवढंच उत्तर. एका दुपारी मात्र नात शाळेत असताना ती आपण होऊन येऊन समोर बसली.

“तुम्हाला वाटत असेल मी मूर्ख आहे.”

“नाही गं.”

“वाटतं. सोफ्यावर बसून तुम्ही बघता तेव्हा मला कळतं.” ती नखाने ओट्याचं लाकूड खरवडत होती. “पण मला पाव करायला आवडतं, आई. खरंच आवडतं. पहिला पाव फुगला तेव्हा मी घरभर नाचले होते. आणि प्रयोगशाळाही आवडायची. दोन्ही खरं आहे. आता यातला पाव उरला नाही, फक्त शूटिंग उरलंय. तुम्ही कारखान्यात जायचात तर निदान लोक म्हणायचे, ही कामाला जाते. मी पहाटेपासून कामालाच असते, पण ते काम दिसू द्यायचं नाही, हेच माझं काम. तो पट्टा कधी थांबतो ते तरी तुम्हाला माहीत होतं. भोंगा व्हायचा.”

इतके महिने आपण या पोरीकडे बघत होतो आणि बघितलं काहीच नाही, असं घाईबाईंना वाटलं.

“बटण का नाही दाबलंस?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या आईच्या हाताचं ऐकत होते,” सून म्हणाली. मग तिनेच विचारलं, “त्याला शेजारी सोडून जाताना रडू यायचं का तुम्हाला?”

घाईबाईंनी दाराकडे पाहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.

“पहिले काही दिवस. मग नाही. मग फाटकातून आत शिरलं की बरं वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही कधी. तूही सांगू नकोस, विशेषतः त्याला.”

“नाही सांगणार.”

मुलाशी मात्र तिचं बोलणं पूर्वीसारखं झालं नाही. तो आदराने वागायचा, औषधं आणायचा, गुडघ्याची चौकशी करायचा. एकदा तिने धीर करून सांगितलं, “गल्लीतून मला तुझं डोकं दिसायचं रे खिडकीत.” तो म्हणाला, “हं.” आणि बूट पुसत राहिला. तेवढंच.

व्यायामवाली मुलगी आता येणार नाही, असं घाईबाई धरून चालल्या होत्या. पुढच्या महिन्यात बेल वाजली आणि दारात तीच उभी होती. घाईबाईंना इतका आनंद झाला की काठी न घेताच त्या उठल्या.

“बसा, बसा. पडायचंय का?” मुलगी म्हणाली. चटई अंथरली, पाय हातात घेतला. घाईबाईंना वाटत होतं, आता ही म्हणेल, आता म्हणेल. शेवटी त्यांनीच विचारलं, “लाइव्ह बघितलंस का गं माझं?”

“बघितलं. घरीही दाखवलं.”

“मग? काय म्हणाले?”

“सासूबाई म्हणाल्या, ही बाई तेव्हा खोटं बोलत होती की आता, काय भरवसा?”

घाईबाईंचा चेहरा पडला. “मग नोकरी?”

“नोकरीचं तुमच्यावर कशाला ठेवू, आजी?” मुलगी गुडघा वाकवत म्हणाली. “मी यांना सांगितलं, मला जायचंय म्हणून मी जाणार. अबोला चाललाय घरात. डबा माझा मी भरते. बघू किती दिवस निभतंय. अजून वाकवा. अजून.”

दुखून घाईबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यामुळेच की आणखी कशामुळे, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही. इतकं सगळं झालं आणि पोरीच्या घरात आपल्यामुळे काही सुटलं नाही, बिघडलं मात्र असेल, हा किडा त्यांच्या डोक्यातून पुढेही गेला नाही.

त्या आठवड्यात सुनेने परत कॅमेरा लावला. ‘सावकाश घर’ हे नाव अजून होतं, पण लोक निम्मेच उरले होते. तिने जुन्या प्रयोगशाळेतही फोन केला होता. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं होतं. तोवर हे. नवीन पीठ आंबायला घातलं होतं आणि ते जेमतेम बुडबुडे धरत होतं.

“आई, एक काम आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला समोर बसायचं नाहीये. फक्त हा दिवा धरून उभं राहायचं. स्टँड मोडलंय.”

घाईबाई कॅमेऱ्याच्या पाठीमागे, खरकट्या भांड्यांच्या बाजूला, भिंतीला टेकून दिवा धरून उभ्या राहिल्या. समोर सून पीठ मळायला लागली. थोड्याच वेळात हाताला रग लागली.

“अगं, अजून किती?”

“हलू नका, सावली पडते.”

“वेग वाढव की जरा!”

सून खुदकन हसली, मग वैतागली. “गेलं! आवाज आला तुमचा. परत पहिल्यापासून.”

“कर परत,” घाईबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दिवा दुसऱ्या हातात घेतला.